पद्माक्कांचे हरवलेले ठोके

पद्माक्कांच्या शेजारच्या खाटेवर मी सहा वर्षं झोपले आणि त्यांच्या काळजाचा आवाज एकदाही ऐकला नाही. काळजाच्या दुखण्याच्या रोग्यांची शुश्रूषा करणं हेच आम्हा दोघींचं काम. दिवसाकाठी पंधरा-वीस छात्यांना नळी लावायची, तितकीच मनगटं धरायची, पायांची सूज दाबून बघायची. बेळगावातल्या त्या दवाखान्यात माझे कान तिखट म्हणून नाव होतं आणि ते मला आवडायचंही. शेजारच्या खाटेवर काय चाललंय, ते मात्र या तिखट कानांना सहा वर्षं ऐकू आलं नाही. ज्या दिवशी आलं त्या दिवशी बसलेला धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

मी मूळची उचगावची. दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात चार वर्षं काढून इथं आले तेव्हा मला वाटत होतं की आता शिकायचं काही उरलेलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. पहिल्याच सकाळी वॉर्डाचा जिना मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. सहाव्या पायरीवर पांढऱ्या लुगड्यातली एक ठेंगणी, सावळी बाई कठड्याला हात लावून उभी होती आणि खिडकीतून बाहेरच्या चिंचेकडे बघत होती. तिनं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. फक्त तळहात उभा करून मला थांबवलं.

"आग लागलीया कुठं?"

मी म्हणाले, नाही, आज माझा पहिला दिवस आहे, उशीर होईल.

"मग सावकाश चल. धावून कुणाचं काळीज बरं हुईत न्हाय."

या पद्माक्का, वॉर्डाच्या सिस्टर. रोज सकाळी सहाव्या पायरीवर थांबून त्या चिंच बघत. त्यांचा चिंचेशी काय करार झालाय कुणास ठाऊक, असं आम्ही मागून म्हणत असू. वॉर्डात कुणी पळायचं नाही, हा त्यांचा नियम होता. रोगी घाबरा होऊन हाक मारू लागला तरी त्या चालतच जात, आणि त्या तशा चालत आल्या की रोगी अर्धा शांत होई. मला हे फार आवडायचं. किती धीराची बाई, असं मी घरी पत्रातून लिहीत असे.

त्या निपाणीकडच्या, तंबाखूचा व्यापार करणाऱ्या जैन घरातल्या. सासरहून का परत आल्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आदाप्पा नावाचे त्यांचे थोरले भाऊ दोन-तीन महिन्यांनी ज्वारीचं पीठ घेऊन येत आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसून तेच तेच बोलत. अशा कामात आपल्या घरची बाई शोभत नाही, घरात तुला एक खोली आहे, दोन वेळचं आहे, चल. पद्माक्का पिठाचा डबा उचलून आत ठेवत आणि त्यांना चहा देत. एकदा ते गेल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिथं गेलो की मी एका खोलीतली बाई. हितं मी सिस्टर हाय." आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी खातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना ते ऐकून गंमत वाटते. हे बोलताना पद्माक्कांच्या चेहऱ्यावर मात्र गंमत नव्हती. दवाखान्याचा एक नियम होता. नर्स स्वतः आजारी पडली आणि महिन्याभरात उभी राहिली नाही, तर तिनं आपल्या घरी जावं. दम्यामुळे एक चांगली नर्स अशीच गेली होती. तिची पेटी मोटारीवर चढवली तेव्हा पद्माक्का खिडकीत उभ्या होत्या, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्यांचं जेवण हा सगळ्या दवाखान्याच्या गमतीचा विषय होता. पाणी तीनदा गाळून प्यायच्या. चिंचेच्या शेंड्यावर ऊन आहे तोवर जेवायच्या, ऊन उतरलं की पाण्याशिवाय काही नाही. कांदा, बटाटा नाही. हे सगळं त्यांच्या धर्माचं होतं, निपाणीकडचे रोगी ते ओळखून होते. पण यावर आणखी एक होतं. पद्माक्का मीठ खात नसत. भाकरीत नाही, आमटीत नाही, सणाला नाही. त्यांच्यात चातुर्मासात असं व्रत घेतात म्हणे, आक्का बारमाही पाळते, असं आदाप्पा जरा अभिमानानं सांगत. आमच्या स्वयंपाक्यानं त्यांचं नाव 'अळणी आक्का' ठेवलं होतं, आणि मी त्याला त्यात साथ देत होते.

त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे दोघींनी मिळून नाडी मोजणं. काळीज ज्याचं बिघडलंय त्याची नुसती मनगटावरची नाडी मोजून भागत नाही. एकीनं छातीला नळी लावायची, दुसरीनं मनगट धरायचं, एकाच घड्याळावर एकच मिनिट मोजायचं. धड माणसाचे दोन्ही आकडे सारखे येतात. बिघडलेल्या काळजाचे काही ठोके इतके दुबळे पडतात की ते हातापर्यंत पोचतच नाहीत.

"निपाणीस्न धा गाड्या तंबाखू सुटला आनि बेळगावात सातच पोचल्या," त्या म्हणायच्या, "तर तीन कुठं गेल्या ते इचारायला नको व्हय?"

ते हरवलेले ठोके मोजायचे. जितके जास्त हरवतात तितका माणूस जास्त धोक्यात. मराठी तुमच्या-आमच्यासारखं बोलणाऱ्या पद्माक्का मोजत मात्र कानडीत, कारण आकडे त्या कानडी शाळेत शिकल्या होत्या. मनगट धरलं की त्यांचे ओठ हलायचे, वंदु, यरडु, मूरु. कानडी आकडे वाचायला मी त्यांच्या पाटीवरच शिकले.

पहिल्याच आठवड्यात मी पकडले गेले. त्या नळीवर होत्या, मी मनगटावर. मिनिट संपल्यावर त्या 'एकशे दहा' म्हणाल्या. माझे शहाऐंशी भरले होते. मला वाटलं, या एवढ्या अनुभवी, चूक माझीच असणार, आणि मी 'एकशे आठ' म्हणून मोकळी झाले. पद्माक्कांनी नळी कानातून काढली आणि मला वॉर्डाबाहेर नेलं. वरच्या माणसाचा आकडा ऐकून आपला आकडा सरकवायची सवय त्यांनी पुष्कळ नर्सांत बघितली होती. मोठ्यांचा मान राखायचा म्हणून आम्ही रोग्याचं नुकसान करतो, असं त्या म्हणाल्या, आणि दोन पाट्या आणून एक माझ्या हातात दिली.

"आदी लिवायचं, मग बोलायचं. माझा आकडा तुज्या आकड्याचा सासरा न्हाय, पदर घ्यायला."

त्या दिवसापासून आम्ही आधी लिहायचो आणि मग पाट्या उलटायचो. डॉक्टरांसमोरही त्यांचा हाच खाक्या होता. काळजासाठी एक थेंबांचं औषध असतं, ते नाडी साठाच्या खाली असेल तर द्यायचं नसतं. एकदा मोठ्या डॉक्टरांनी घाईत द्यायला सांगितलं आणि पद्माक्कांनी बाटली न उघडता पाटी पुढं धरली. पाटीवर चोपन्न होते. डॉक्टर क्षणभर लाल झाले आणि मग 'राहू दे' म्हणाले. नर्सनं डॉक्टरांचा हुकूम थोपवलेला मी पहिल्यांदाच बघितला. पद्माक्का पुढच्या खाटेकडे चालू लागल्या होत्या, नेहमीच्याच सावकाश चालीनं.

भरमाण्णा आले ते तिसऱ्या वर्षी. खानापूरकडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके ओढणारे, आडव्या हाडाचे. आले तेव्हा पाय केळीच्या खुंटासारखे सुजलेले, अंगठा दाबला की खळगा पडे आणि तसाच राही. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी तीन उशा लावून बसून झोपायचे. थेंब सुरू झाले, पाणी मोजून, जेवण अळणी. रोग्यांचं जेवण त्यांचे नातेवाईकच मागच्या पत्र्याच्या शेडात रांधत, म्हणून भरमाण्णांच्या बायकोला, लक्ष्मीला, पद्माक्कांनी समोर बसवून सांगितलं की मिठाचा खडासुद्धा नको, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. लक्ष्मीनं मान डोलावली.

पद्माक्का रोज सकाळी रोग्याच्या घोट्याला काळा दोरा गुंडाळून जिथं पुरे तिथं गाठ मारत आणि दोरा खिळ्याला अडकवत. सूज उतरली की गाठ रोज थोडी अलीकडे येते. भरमाण्णांच्या खिळ्यावर आठ दोरे झाले आणि आठही गाठी जिथल्या तिथं. डॉक्टर थेंब वाढवायचं म्हणू लागले. पद्माक्कांनी एक दिवस थांबायला सांगितलं.

त्या दिवशी दुपारी भरमाण्णांचं जेवण संपत आलं होतं. ताटात आमटीत कालवलेल्या भाताचा शेवटचा घास उरला होता. पद्माक्का चालत आल्या, खाली वाकल्या, तो घास उचलला आणि आपल्या तोंडात टाकला.

पाणी तीनदा गाळून पिणारी ही बाई, दुसऱ्याच्या चुलीवरचा चहासुद्धा न घेणारी, एका ओंडके ओढणाऱ्याचं उष्टं खात होती. पलीकडच्या खाटेवर निपाणीचे एक जैन म्हातारे होते, त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. पद्माक्कांनी घास सावकाश चावला, गिळला आणि लक्ष्मीकडे बघितलं. कित्येक वर्षं मीठ न लागलेल्या जिभेला मीठ ओळखायला वेळ लागत नाही.

लक्ष्मीनं पदराची गाठ दोन्ही मुठींत धरली. मीठ त्या गाठीत होतं. मला वाटलं, आता आक्का हिला फाडून खातील. पण लक्ष्मीच आधी बोलली, खाली बघत.

"सासरा गेला तवा धा दिस अळणी रांधलं मी. दीर गेला तवाबी रांधलं. जित्या मालकाच्या ताटात सुतकाचा भात वाढू व्हय? माज्या हातानं?"

मीसुद्धा त्याच मुलखातली, सुतकात अळणी जेवलेली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही आठ दिवस त्या बाईला नवरा जिवंत असताना त्याचं सुतक रांधायला सांगत होतो. ती त्याला वाचवायचं म्हणून मीठ घालत होती, आणि तेच मीठ त्याला मारत होतं.

पद्माक्का रिकामं ताट उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आपला डबा घेऊन आल्या आणि भरमाण्णांच्या खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. ज्वारीची भाकरी, शिजवलेली तूरडाळ. लक्ष्मीला घासभर चाखायला दिलं.

"सात वरसं झाली, ह्यात मीठ न्हाय. मी मेलो का? माजं सुतक धरलंय कुणी?"

लक्ष्मीनं मान हलवली.

"तूबी आजपासनं ह्येच खा. एकट्याच्या ताटात सुतक दिसतंय. तिघांच्या ताटात न्हाय."

तेव्हापासून रोज दुपारी खाटेवर भरमाण्णा आणि खाली त्या दोघी एकदम जेवायला बसत, अळणी. चौथ्या दिवशी लाजेकाजेनं मीही ताट घेऊन बसले, आणि खोटं कशाला सांगू, तो घास माझ्या घशाखाली उतरेना. लक्ष्मीनं विचारलं की आक्का, तुम्ही का सोडलंय? पद्माक्का म्हणाल्या, व्रत आहे. पाचव्या दिवशी गाठ बोटभर अलीकडे आली. दीड महिन्यानं भरमाण्णा आपल्या पायांनी जिना उतरून गेले आणि लक्ष्मीनं जाताना पद्माक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. रोग्याच्या बायकोच्या पदराची गाठ आता मला लांबूनही दिसायची. पद्माक्का स्वतः झोपताना पाठीशी दोन वळकट्या लावून बसल्यासारख्या झोपायच्या, तेही रोज दिसायचं. मला वाटायचं, सिस्टर आहे, सावध झोपते. संध्याकाळी त्यांच्या चपलेचे पट्टे पायात रुतलेले असायचे. वाटायचं, चपला जुन्या झाल्या. चार वाक्यं बोलून झाली की त्या थांबायच्या. वाटायचं, तोलून बोलते. यातली एकेक गोष्ट मी रोग्यात बघितली असती तर पाटी घेऊन धावले असते, नियम असो वा नसो.

मग सहाव्या वर्षी तो मंगळवार आला. मुंबईहून नवे धाकटे डॉक्टर आले होते. चार नव्या नर्सांना ते छाती आणि मनगट मोजायला शिकवणार होते. आधी धड माणसाचे ठोके ऐका, म्हणजे बिघडलेले कळतील, असं ते म्हणाले. अशा वेळी पद्माक्का मला किंवा स्वयंपाक्याला स्टुलावर बसवत. त्या दिवशी स्वयंपाकी बाजारात गेला होता आणि नळी माझ्या हातात होती. डॉक्टर हसून म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बसा की. तुमच्याइतकं शांत काळीज या वॉर्डात दुसरं कुणाचं?"

पद्माक्कांनी खिडकीबाहेर चिंचेकडे बघितलं. काहीतरी काम काढून त्या सहज निघून जाऊ शकल्या असत्या, दहा वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण त्या स्टुलावर बसल्या. सुमन नावाच्या नव्या नर्सनं मनगट धरलं. मी नळी लावली.

पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ते वाजत होतं. तीन एकदम, मग काही नाही, मग दोन, मग पुन्हा चार. ठोक्याला ठोका लागत नव्हता. आधी वाटलं, माझीच नळी सरकली. मग वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाला लावलीय. मी वर बघितलं तर पद्माक्का माझ्याकडेच बघत होत्या, डोळे न हलवता. मोजायची सवय होती म्हणून मोजत राहिले. मिनिट संपलं तेव्हा मी पाटीवर एकशे सव्वीस लिहिले आणि तो आकडा बघत बसले.

डॉक्टरांनी विचारलं. सुमन म्हणाली, चौऱ्याऐंशी.

मला दम्याच्या नर्सची मोटारीवर चढलेली पेटी दिसली. आदाप्पांची एक खोली दिसली. मी पाटीवर पदर फिरवला आणि म्हणाले, चौऱ्याऐंशी.

डॉक्टर खूश झाले आणि मुलींकडे वळून समजावू लागले. सगळं निभावलं होतं. पद्माक्कांनी उठून पदराला हात पुसला असता आणि कामाला लागल्या असत्या तर त्या दिवशी कुणालाच काही कळलं नसतं. पण त्या उठल्या नाहीत.

"शांते," त्या म्हणाल्या, "पाटीवर काय लिवलं हुतंस?"

"चौऱ्याऐंशी, आक्का."

"नळी लाव. पुन्यांदा मोज. ह्या येळंला आदी तू बोल."

डॉक्टरांना काही उमगेना. मी त्यांच्याकडे बघितलं, पद्माक्कांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पहिल्या आठवड्यात मला वॉर्डाबाहेर नेलं होतं तेव्हासारखा होता. मी पुन्हा मोजलं. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी आकडा चुकवता आला नाही. मी एकशे चोवीस म्हणाले. सुमन घाबरत ब्याऐंशी म्हणाली.

"बेचाळीस," पद्माक्का सावकाश म्हणाल्या. "मला तीस वाटलं हुतं."

डॉक्टर पुढं आले. मग त्यांनी नळी माझ्याकडून मागून घेतली आणि बराच वेळ स्वतः ऐकलं. लहानपणी कधी सांधे धरून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. पद्माक्का हो म्हणाल्या, दहाव्या वर्षी. पुढं काळीज बिघडतं ते बहुधा त्याच तापानं. त्या संध्याकाळी त्यांना वॉर्डातच, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं. भरमाण्णांचीच खाट ती.

मी त्यांच्यावर चिडले होते. एवढं भयंकर दुखणं शेजारच्या खाटेवर लपवलं, मला एका शब्दानं सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"ह्याला दोन माणसं लागत्यात गं. छाती मोजाय गेलं की हात ऱ्हातोय, हात मोजाय गेलं की छाती. किती हरवतंय ते धा वरसं मला कळलंच न्हाय."

मी मोजले असते, कुणाला सांगितलं नसतं, असं मी म्हणाले.

"आन् आकडा वाईट आला असता तर पुसला असतास. आज पुसलासच की." मग जरा थांबून श्वास घेऊन म्हणाल्या, "मी लपवलं, खरं हाय. पर खोटं मोजलं न्हाय कवा. त्या चार पोरी तुज्या पदराकडं बघत हुत्या."

त्यांना वाचवायला म्हणून मी जे केलं त्यानंच त्यांचं तोंड उघडलं. मी तेव्हा खरा आकडा सांगितला असता तर काय झालं असतं, आणि त्या गप्प बसल्या असत्या तर काय, हे मी अजून मोजत असते आणि दोन्ही बाजूंचा आकडा कधी सारखा येत नाही.

आणखी एक धक्का दुसऱ्या दिवशी बसला. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं थेंब किती घेत होतात? पद्माक्का म्हणाल्या, एकही नाही. रोग्याच्या नावावर लिहिल्याशिवाय बाटली उघडायची नाही हा नियम, आणि त्यांचं नाव रोग्यांच्या वहीत नव्हतं. दहा वर्षं ती बाटली त्यांच्याच कपाटात, किल्ली त्यांच्याच कमरेला. नुसतं मीठ सोडून त्यांनी ते काळीज ओढलं होतं.

महिनाभर त्या खाटेवरून वॉर्ड चालवत होत्या. त्यांच्या खिळ्यावर काळे दोरे मी अडकवत होते. थेंब सुरू झाल्यावर आकडे आठवडाभर सुधारले, मग पुन्हा फाकू लागले. कुणाकडून तरी कळून लक्ष्मी आली, खानापूरहून रेल्वेनं, फडक्यात बांधलेला डबा घेऊन. भरमाण्णा आता वखारीच्या दारात राखणीला बसतात, ठीक आहेत, म्हणाली. मग खाटेवरच्या पद्माक्कांचे सुजलेले पाय तिला दिसले.

"तुमी तर व्रत म्हनाला हुतासा."

"मग काय सांगू? आजारी बाईचं ऐकून मीठ सोडलं असतंस व्हय?"

लक्ष्मीनं फडक्याची गाठ सोडली. तिनं डबा उघडला. भात आणि आमटी, घरून रांधून आणलेली, अळणी. पद्माक्का दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नसत. त्या दिवशी चिंचेवर ऊन होतं तोवर त्या जेवल्या, लक्ष्मी आणि मी जमिनीवर बसून जेवलो. या वेळी मीठ नसल्याचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

महिना संपला आणि आदाप्पा आले. काय व्हायचं ते घरच्या जमिनीवर होऊ दे, असं त्यांचं म्हणणं, आणि दवाखान्याचा नियमही त्यांच्याच बाजूचा होता. पद्माक्कांनी एकदाच मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. निपाणीला त्या तीन आठवडे होत्या, मग त्या गेल्याचं कार्ड आलं. त्या कार्डाचा दिवस मला नीटसा आठवत नाही. निघायची सकाळ मात्र जशीच्या तशी आहे.

आदाप्पांनी भाड्याची मोटार आणली होती. मागच्या बाकावर उशा रचून पद्माक्कांना बसवलं. मी दाराशी उभी होते. त्या म्हणाल्या, दोन पाट्या आण. आणल्या. मग त्यांनी आपल्या डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली.

"तू छाती घे. मी हात घेतो. आता दोन मानसं हाईत."

मी मोटारीच्या दारात वाकून नळी लावली. घड्याळ दोघींच्या मध्ये धरलं. त्यांचे ओठ हलू लागले, वंदु, यरडु, मूरु. आदाप्पा घाई करत होते, मी त्यांना हातानंच गप्प केलं. मिनिट संपलं. मी लिहिलं. त्यांनीही लिहिलं, आणि पाटी पालथी करून माझ्या हातात दिली. आता बोलायचं होतं. पण त्यांना खोकला आला, तो थांबेना, आदाप्पांनी दार लावून घेतलं आणि चालवणाऱ्याला खूण केली. मोटार फाटकाबाहेर पडली.

मी पाटी उलटली. कानडी आकड्यांत एकाहत्तर लिहिले होते. माझ्या पाटीवर एकशे छत्तीस होते. पासष्ट हरवत होते.

माझा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. दहा वर्षं ज्या आकड्यासाठी दुसरं माणूस मिळालं नव्हतं तो माझ्या हातात होता आणि त्या चालल्या होत्या. मी पाटी घेऊन धावले, फाटकातून, रस्त्यावर, अनवाणी. वळणावर मोटार जरा मंदावली. मागच्या काचेत पद्माक्कांचा चेहरा वळला, मला धावताना बघितलं, आणि त्यांनी तळहात उभा केला, पहिल्या दिवशी जिन्यावर केला होता तसाच.

मी थांबले. मोटार चिंचेच्या आड गेली.